दिवस लहान झाले की तुम्ही काय करता? (उत्तरायण, धुंधुरमास, संकल्प वगैरे)

रानजाई | १७ डिसेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी स्टॉकहोमला असते. सध्या इथे सकाळी पावणेनऊच्या सुमाराला उजाडतं आणि दुपारी पावणेतीनला सूर्य मावळतो. मधल्या सहा तासांत तो दिसेलच असंही नाही, ढग असतातच. घरातून निघताना अंधार, परत येताना अंधार. मागचा हिवाळा मला फार जड गेला होता. त्यामुळे यंदा आधीपासून काहीतरी ठरवून करावं असं मनात होतं.

इथले लोक या दिवसांत घर उजळायच्या मागे असतात. खिडकीखिडकीत सात दिव्यांच्या त्रिकोणी दिवट्या, तेरा तारखेला लुसियाची मिरवणूक, केशर घातलेले पाव. हे सगळं मला मनापासून आवडतं. पण आता त्यात 'सॉल्स्टिस सर्कल' नावाचा नवा प्रकार आलाय. गोल करून बसायचं, सरत्या वर्षातलं काय मागे टाकायचंय ते चिठ्ठीवर लिहून मेणबत्तीवर जाळायचं, मग डोळे मिटून नव्या वर्षाचं 'इंटेन्शन' धरायचं. ऑफिसातली मैत्रीण मला घेऊन गेली (फुकट नव्हतं). वाईट काहीच नव्हतं, पण चिठ्ठी जाळताना ओळख नसलेल्या घरी हळदीकुंकवाला जाऊन बसल्यासारखं वाटत राहिलं.

बाहेर पडल्यावर तिने विचारलं, "तुमच्यात या दिवशी काय करतात?" मी म्हटलं, संक्रांत. ती म्हणाली, "पण ती जानेवारीत ना? तोवर दिवस मोठा व्हायला लागून तीन आठवडे झालेले असतात." उत्तर सुचेना.

तर या सगळ्यात आपलं म्हणून काय आहे? आणि त्याहून महत्त्वाचं, तुम्ही स्वतः वर्षाच्या या टोकाला मुद्दाम काही करता का? ठरवता का? टिकतं का?

---

तिरकस | १८ डिसेंबर, सकाळी ७:०५

दिवस लहान झाले की मी रजई मोठी घेतो.

---

चिऊताई_ठाणे | १८ डिसेंबर, सकाळी ७:५०

छान विषय. रुमाल टाकून ठेवते, संध्याकाळी लिहीन.

---

खवय्या_आबा | १८ डिसेंबर, सकाळी ८:३०

रानजाई, आपलं म्हणून काय आहे असं काय विचारता? धुंधुरमास आहे की! सूर्य धनु राशीत आला की सुरू, म्हणजे साधारण सोळा डिसेंबर, आणि भोगीला संपला. तुम्ही धागा काढलात तेव्हा लागलेलाच होता.

आमच्याकडे वाईला आजी पहाटे चुलीपाशी बसायची. मुगाच्या डाळीची खिचडी, तीळ थापलेली बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, लोण्याचा गोळा, गूळ, आणि छोटी वांगी, बटाटे, मटार, पावटा, गाजर असं सगळं एकत्र शिजवलेली लेकुरवाळी भाजी. सूर्य उगवायच्या आत स्वयंपाक तयार पाहिजे आणि तो वर आला की नैवेद्य दाखवून लगेच पंगत. सकाळी सात-साडेसातला भरपेट जेवण! शाळेत पहिल्या तासाला आम्ही अर्धे झोपलेले असायचो.

रोज कुणीच करत नसे. महिन्यातून एखादा रविवार धरायचा, शेजारपाजारच्यांना बोलवायचं. जीवनाचा अर्थ वगैरे कुणी काढत बसलं नाही. थंडीत भूक लागते, बाजरी-तीळ-लोणी अंगी लागतं, आणि वर्षातून एकदा तरी सगळं घर सूर्याच्या आधी उठतं. बास.

---

अनाहूत | १८ डिसेंबर, सकाळी ९:१०

आबांचं शेवटचं वाक्य सोडून द्या, त्याआधीचं खरं आहे: "अर्थ कुणी काढत बसलं नाही." पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, त्यामुळे दिवस लहानमोठे होतात. त्यात आपल्यासाठी काही संदेश नाही. सूर्याला तुमचं वर्ष संपल्याचं ठाऊक नाही. एक जानेवारी, एकवीस डिसेंबर, चौदा जानेवारी, सगळ्या माणसांनी मारलेल्या खुणा. कुठल्याही मंगळवारी ठरवा की.

---

तिरकस | १८ डिसेंबर, सकाळी ९:१४

मंगळवारी नको, आमच्याकडे उपास असतो.

---

गणिती_गोगलगाय | १८ डिसेंबर, दुपारी १:२०

अनाहूत, एकवीस डिसेंबर ही माणसाने मारलेली खूण नाही हो. ती बाकी दोन्हींपेक्षा खरी आहे. त्या दिवशी (कधी बावीसला) सूर्य दक्षिणेकडच्या टोकाला पोचतो आणि मागे फिरतो. पुण्यात दुपारी साडेबाराला तो जेमतेम ४८ अंश वर असतो, तुमची सावली जवळपास तुमच्या उंचीएवढी पडते. काठी उभी करून अंगणात कुणालाही पाहता येईल. स्टॉकहोमला तो क्षितिजाच्या वर फक्त सात अंश. रानजाईची सावली तिच्या साताठ पट लांब असणार, ऊन पडलंच तर.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाबद्दल. ती बरोबर आहे. आपली संक्रांत कधीकाळी याच दिवसांत होती. आपण राशी ताऱ्यांवरून मोजतो आणि पृथ्वीचा आस भोवऱ्याच्या दांड्यासारखा अतिशय सावकाश फिरतो, साधारण ७२ वर्षांत एक अंश. त्यामुळे सूर्याचं मकर राशीत शिरणं प्रत्यक्ष उत्तरायणापासून दर सत्तरएक वर्षांनी एकेक दिवस पुढे सरकत गेलं. आज अंतर चोवीस दिवसांच्या आसपास आहे. पुरावा हवा तर स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. आज ती चौदा-पंधराला येते.

आणि गंमत अशी की लुसियाचंही तेच झालंय, फक्त उलट्या दिशेने. जुन्या ज्युलियन कॅलेंडरात वर्षाची लांबी किंचित जास्त धरलेली होती, म्हणून मध्ययुगात वर्षातली सर्वांत मोठी रात्र मागे सरकत तेरा डिसेंबरच्या आसपास आली होती. स्वीडनने १७५३ मध्ये नवं कॅलेंडर घेतलं, सूर्य एकवीसला गेला, लुसिया तेरालाच राहिली. तेव्हा मैत्रिणीला सांगा, तुमचा सण आठवडाभर लवकर येतो आणि आमचा तीन आठवडे उशिरा. दोघींनी सूर्याला चुकवलंय.

---

रानजाई | १८ डिसेंबर, दुपारी २:५५

गोगलगाय, दंडवत घ्या! लुसियाचं हे इथल्या कुणीच मला सांगितलं नव्हतं. (आत्ता सूर्य मावळला. दिसला नाही.)

---

गुहागरकर | १८ डिसेंबर, दुपारी ३:३०

अवांतर: आमच्याकडे टिळक पंचांग पाळतात, त्यामुळे संक्रांत दहा जानेवारीलाच. लहानपणी शाळेत तिळगूळ नेला की बाकीची पोरं म्हणायची, तुमची घड्याळं पुढे आहेत. लोकमान्यांनी आकाश पाहून आरंभबिंदू वेगळा धरला म्हणून हा चार दिवसांचा फरक. तरीही २१ डिसेंबर काही आला नाहीच!

---

गणिती_गोगलगाय | १८ डिसेंबर, दुपारी ३:४८

बरोबर. आणि २१-२२ डिसेंबरला धरणारं कॅलेंडरही आपल्याकडे आहे, फक्त त्याला विचारत कुणी नाही. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये पंचांग सुधारणा समिती नेमली, १९५५ मध्ये अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिच्यात १ पौष म्हणजे २२ डिसेंबर. उत्तरायण सुरू, नवा महिना सुरू. सरकारी राजपत्रावर ती तारीख छापून येते आणि तिथेच राहते.

---

मुक्काम_पोस्ट_औसा | १८ डिसेंबर, रात्री ९:३५

वाचतोय सगळं. ज्ञान चांगलं मिळालं. आता आमच्याकडचं ऐका.

या दिवसात आमच्याकडं आठवडाभर दिवसा लाईट असती, आठवडाभर रात्री. रात्रपाळी आली की बारानंतर हरभऱ्याला पाणी द्यायला जायचं. तुषारचे पाईप एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायचे, चिखलात, गार पाण्यानं भिजत. बीडकडचे लोक तर ऊसतोडीला घरदार घेऊन गेलेत, पहाटे कोयता हातात. त्यांना विचारा सगळ्यात मोठ्या रात्रीचा अर्थ काय. रात्र मोठी म्हणजे थंडी जास्त, साप कमी. एवढाच.

रानजाई ताई, तुम्हाला बोलत नाही हं. तुमच्या अंधाराचा त्रास खरा असणार. पण "अर्थ शोधणं" हा मोकळ्या वेळेचा उद्योग आहे, असं मला वाटतं.

---

रानजाई | १८ डिसेंबर, रात्री १०:१०

औसेकर दादा, राग नाही आला. खरं आहे, मी हीटर लावलेल्या खोलीत बसून विचारतेय.

---

सुमित्रा_जोशीबाई | १९ डिसेंबर, सकाळी ६:२५

मला औसेकरांचं अर्धंच पटलं. मी तीसेक वर्षं शाळेत शिकवलं, निवृत्त झाले, आणि मोकळा वेळ मिळाल्यावर अर्थ शोधायचा उद्योग केला नाही तर माणूस कसा आतून वाळत जातो ते माझ्या आजूबाजूला पाहिलं. ज्याच्याकडे वेळ नाही त्याचं दुःख मोठंच. पण वेळ अंगावर येणं हेही दुखणं आहे. दोन्हींना एकच माप लावू नये.

आणि दादा, तुमच्याकडेच तर याच दिवसांत येळवस असते ना? ती काय आहे मग?

---

मुक्काम_पोस्ट_औसा | १९ डिसेंबर, सकाळी ११:५०

बाईंनी बरोबर पकडलं.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, वेळ अमावस्या. लातूर, धाराशिव, सोलापूरकडचा काही भाग. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, सगळे रानात. शेतात कडब्याची कोप (खोपटं) करायची, आत पाच पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले दगड मांडायचे, पूजा करायची. मडक्यात आंबील, ज्वारीच्या पिठाची, ताक घालून. आणि भज्जी: तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, जी हाताला लागेल ती पालेभाजी, चिंच आणि बेसन. बाजरीचे उंडे. एकट्यानं जेवायचं नाही, रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवायचं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. कुणी कार्ड पाठवत नाही. मग पिकाला आंबील शिंपडत ओरडत फिरायचं.

ज्वारी पोटऱ्यात असती, हरभरा फुलात. पीक अजून हातात आलेलं नसतं, काय होईल कुणाला ठाऊक नसतं. अन् आम्ही त्या पिकाला आधीच जेवू घालतो. आता याला तुम्ही अर्थ म्हणा नाहीतर काही म्हणा. पुण्या-मुंबईला गेलेली पोरं दिवाळीला आली नाहीत तरी येळवशीला येत्यात.

---

अनाहूत | १९ डिसेंबर, दुपारी १२:१५

हा प्रतिसाद आवडला. माझं मत बदललेलं नाही, पण भज्जी खायला यायची तयारी आहे.

---

डॉ_निवांत | १९ डिसेंबर, रात्री ८:४०

मध्येच एक कोरडा प्रतिसाद, पण तो लिहिला पाहिजे. रानजाई, "मागचा हिवाळा फार जड गेला" हे वाक्य वाचून पुढे जाववेना. उंच अक्षांशावर हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याला वैद्यकात नाव आहे, सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. सकाळी उठल्यावर १०,००० लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास बसणं हा त्यावरचा रुळलेला उपचार आहे. दिव्याकडे एकटक पाहायचं नाही, तो समोर ठेवून चहा प्यायचा, वाचायचं. डोळ्यांचा आजार असेल किंवा बायपोलर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या, त्या अक्षांशावर हिवाळ्यातल्या उन्हाने ते त्वचेत तयार होत नाही.

झोप वाढणं, गोड खावंसं वाटणं, कुणाला भेटू नये असं वाटणं हे महिनाभर चाललं तर फोरमवर नाही, दवाखान्यात जायचं. अर्थ शोधण्याआधी उजेड शोधा.

---

रानजाई | १९ डिसेंबर, रात्री ९:३०

धन्यवाद डॉक्टर. दिवा नोव्हेंबरातच आणलाय, ड जीवनसत्त्वही सुरू आहे. फरक पडतोय. म्हणूनच धागा काढण्याइतकी हुशारी आली!

---

कोल्हापुरी_ठेचा | १९ डिसेंबर, रात्री १०:०५

आमच्या अंबाबाईचा किरणोत्सव कुणाला आठवला नाही का ओ? नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि नंतर ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत येत पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग, धुकं, वाटेतली बांधकामं आडवी आली की गावभर हळहळ.

आता कॅलेंडर काढून मोजा. नोव्हेंबरातला मधला दिवस आणि फेब्रुवारीचा पहिला, दोन्ही एकवीस डिसेंबरपासून साधारण सारख्याच अंतरावर. सूर्य दक्षिणेला जाताना एकदा डोकावतो, परतताना पुन्हा एकदा. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांना उत्तरायण कधी लागतं ते नेमकं ठाऊक होतं. संक्रांतीची तारीख कुठंही सरकू दे.

---

गणिती_गोगलगाय | १९ डिसेंबर, रात्री १०:२२

ठेचा, हे मी कधी मोजून पाहिलंच नव्हतं. क्या बात है.

---

किवी_आज्जी | २० डिसेंबर, पहाटे ४:१५

इकडे न्यूझीलंडात आमचं सगळं उलटं. नातवंडं डिसेंबरात समुद्रावर, पोहुतुकावाची झाडं लालभडक फुललेली, आणि मी फळीवर तिळगुळाचा डबा शोधतेय. संक्रांतीला तीळ खाऊन अंगाची काहिली होते. सुरुवातीची काही वर्षं तरी केली, "आपलं आहे" म्हणून.

इथली सर्वांत मोठी रात्र जूनमध्ये. त्या सुमाराला माओरी लोकांचं नवं वर्ष येतं, मातारिकी. २०२२ पासून त्याची सार्वजनिक सुट्टी असते. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. महिनाभर दिसेनाशा झालेल्या कृत्तिका पहाटे पूर्वेला पुन्हा दिसल्या की वर्ष सुरू. आमच्या शेजारणीने एकदा पहाटे मला टेकडीवर नेलं. त्या पुंजक्यातला एकेक तारा त्यांनी एकेका गोष्टीला दिलाय. पोहुतुकावा नावाचा तारा वर्षभरात गेलेल्या माणसांचा. आधी त्यांची नावं घ्यायची, मोठ्याने, थंडीत उभं राहून. रडायचं असेल तर रडायचं. मग हिवा नावाच्या ताऱ्याकडे पुढच्या वर्षाची इच्छा बोलायची. हा क्रम मला फार शहाणा वाटला. गेलेल्यांची नावं आधी, मग स्वतःचं मागणं.

ह्यांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. श्राद्धाला भटजी मिळाले नव्हते, ऑनलाइन उरकलं होतं. तिथे टेकडीवर मी त्यांचं नाव घेतलं. मराठी बाईने मराठी माणसाचं. शेजारीण शेजारी उभी होती. रानजाई, परक्या घरी गेल्यासारखं वाटलं असं लिहिलंस, मला नाही वाटलं. कदाचित मला बोलावणारी त्या घरचीच होती म्हणून असेल. तुझं ते सर्कल कुणाच्याच घरचं नसेल.

---

चिऊताई_ठाणे | २० डिसेंबर, सकाळी ८:४०

आज्जी 🙏 रुमाल काढून घेते. यानंतर काही लिहायला नको वाटतंय.

---

शमिका_फोंडें | २० डिसेंबर, सकाळी ११:००

लिहायला पाहिजे चिऊताई, नाहीतर धागा रडका होईल!

गोव्यात या दिवसांत एका वाड्यावर नाताळचे कागदी तारे आणि दोदोल या नाताळच्या मिठाईचा वास, आणि दुसरीकडे पौष लागला की बायकांचे धालो. रात्री चांदण्यात मांडावर जमायचं, समोरासमोर रांगा करून गाणी म्हणत मागे-पुढे नाचायचं, काही रात्री सलग. पुरुषांना प्रवेश नाही. पौष भाकड महिना म्हणून लग्नकार्यं नाहीत, म्हणजे बायकांना वेळ! माझ्या आईला विचारलं धालोचा अर्थ काय, तर म्हणाली, "घरातून बाहेर पडायला मिळतं."

---

पंतोजी | २० डिसेंबर, सायंकाळी ६:३०

रानजाईंचा मूळ प्रश्न ठरवण्याचा आणि टिकण्याचा होता, त्याकडे कुणी वळलेलं नाही. मी पौरोहित्य करतो, त्यामुळे दिवसाला दोन-तीन संकल्प तरी सांगतो, बहुतेक दुसऱ्यांचे.

त्याची रचना बघा. यजमान उजव्या हातात पाणी घेऊन बसतो. आधी काळ सांगायचा, थेट ब्रह्मदेवाच्या दुसऱ्या परार्धापासून खाली उतरत शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग जागा: जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर. मग गोत्र, नाव. एवढं सगळं झाल्यावर शेवटी एक छोटं वाक्य, की मी आज अमुक पूजा करीन. पाणी सोडलं की लगेच पूजा सुरू.

म्हणजे विश्वाचा सगळा पसारा मांडून माणूस काय म्हणतो, तर पुढच्या दीड तासाचं काम. "यंदा मी शांत होईन" असा संकल्प मी कुणाला सांगितलेला नाही, शास्त्रात बसणार नाही! लांबचं व्रत असलं, सोळा सोमवार किंवा मार्गशीर्षातले गुरुवार, तरी त्याला उद्यापन आहे. संपतं कधी ते आधीच ठरलेलं. जानेवारीतले संकल्प मोडतात कारण ते आत्ता सुरू होत नाहीत आणि त्यांना शेवटही नसतो, असं माझं निरीक्षण.

---

तिरकस | २० डिसेंबर, सायंकाळी ६:४१

आमच्या जिमचं उद्यापन फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात असतं. मेहूण जेवायला घालतो.

---

अनाहूत | २० डिसेंबर, रात्री ८:००

पंतोजी, प्रतिसाद उत्तम, पण एक खोडी काढतो. २५ डिसेंबरला संकल्प सांगताना अयन कुठलं म्हणता? गोगलगाय म्हणतो उत्तरायण लागलं, तुमचं पंचांग संक्रांतीची वाट पाहतंय. भीष्म नक्की कधी गेले मग?

---

पंतोजी | २० डिसेंबर, रात्री ९:१५

मी दक्षिणायनच म्हणतो, गुरुजींनी तसं शिकवलं म्हणून. आमच्यातलेच काही जण आकाशातलं धरून उत्तरायण म्हणतात, पंचांगातही २१-२२ डिसेंबरपाशी सायन मकर (म्हणजे आकाशातल्या प्रत्यक्ष उत्तरायणावरून धरलेली मकर) छापलेलं असतंच. एकदा एका यजमानांनी, निवृत्त इंजिनिअर, हातात पाणी धरून यावरून वाद घातला. पाणी सगळं सोवळ्यावर सांडलं.

भीष्मांनी माघाची वाट पाहिली. त्यांच्या वेळी कुणाचं पंचांग चुकत होतं ते त्यांनाच विचारावं लागेल.

---

गणिती_गोगलगाय | २१ डिसेंबर, सकाळी १०:३०

सर्वांना दक्षिणायनाच्या शेवटाच्या शुभेच्छा! (पंतोजींची क्षमा मागून.)

आबांसाठी एक गोष्ट राहून गेली. लोकांना वाटतं आजपासून सकाळी लवकर उजाडेल. तसं होत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि आस कललेला, त्यामुळे घड्याळातली दुपार आणि सूर्याची दुपार या दिवसांत एकमेकींपासून सरकत राहतात. पुण्यात सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबराच्या शेवटच्या आठवड्यात होऊन गेला. संध्याकाळ तेव्हापासून हळूहळू लांबतेय. सकाळ मात्र अजून उशिरा उशिरा होत जाते, थेट जानेवारीच्या मध्यापर्यंत. म्हणजे धुंधुरमासाचा अख्खा महिना पुण्यात रोज सूर्य थोडा थोडा उशिरा उगवत असतो आणि तो सर्वांत उशिरा उगवायला लागतो तेव्हा धुंधुरमास संपतो! ज्या महिन्यात अंथरूण सोडणं सर्वांत अवघड, त्याच महिन्यात सूर्याआधी स्वयंपाक. हे कुणी ठरवून केलं की जमून आलं, मला सांगता येणार नाही.

---

खवय्या_आबा | २१ डिसेंबर, सकाळी ११:१५

माझी आजी म्हणायची, "धुंधुरमासात उन्हालाही उठवत नाही, आपणच त्याला जेवायला हाक मारायची." आज कळलं ती काय म्हणत होती.

---

तिरकस | २१ डिसेंबर, सकाळी ११:२२

स्टॉकहोमला धुंधुरमास म्हणजे चैन आहे. पावणेनऊच्या आत खिचडी, त्यात काय मोठं! उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला मात्र करू नका. तिथे नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य जो मावळतो तो जानेवारीच्या मध्याला उगवतो. नैवेद्य दाखवेपर्यंत खिचडीला बुरशी.

---

रानजाई | २२ डिसेंबर, रात्री १०:४५

मंडळी, काल वाचत वाचत ठरलं. पंतोजींच्या पद्धतीने: आत्ता सुरू होणारं आणि संपणारं. आजपासून भोगीपर्यंत रोज सूर्य उगवायच्या आधी अर्धा तास पायी बाहेर पडायचं, आणि रविवारी धुंधुरमासाचं जेवण, शेजाऱ्यांना बोलावून. येळवशीच्या नियमाने, म्हणजे जो येईल तो. किवी आज्जी, सुरुवातीला गेलेल्यांची नावं घेणार आहे. माझ्याकडेही एक नाव आहे.

आज सकाळी निघाले. सरोवराच्या कडेने बर्फ होता, सूर्य दिसला नाही, नाक गोठलं. संध्याकाळी त्या सर्कलवाल्या मैत्रिणीला रविवारचं आमंत्रण दिलं. तिने विचारलं, "काय आणू? मेणबत्त्या?" म्हटलं, वांगी आण.

आता अडचण अशी आहे की इथल्या दुकानात मिळालेलं बाजरीचं पीठ चवीला कडू लागतंय. भाकरी थापताना तुटतेही. आबा, काय करू?

---

खवय्या_आबा | २३ डिसेंबर, सकाळी ७:००

ते पीठ जुनं आहे, फेकून दे. बाजरीचं पीठ फार टिकत नाही, पडून राहिलं की कडू होतं. अख्खी बाजरी मिळते का बघ, मिक्सरमधून बारीक काढून चाळून घे, आणि लागेल तेवढीच दळ. पीठ उकळत्या पाण्यात भिजव, पाच मिनिटं झाकून ठेव, मग भरपूर मळ. तुटणार नाही.

---

मुक्काम_पोस्ट_औसा | २३ डिसेंबर, सकाळी ७:४०

अन् थापता येतच नसेल तर उंडे करा ताई. पीठ मळायचं, मुठीत वळायचं, वाफवायचं. तिथल्या लोकांना काय कळतंय भाकरी आहे का उंडा.

रात्रपाळी संपली आमची. या आठवड्यात दिवसा लाईट.

---

तिरकस | २३ डिसेंबर, सकाळी ७:४४

वांगी स्वीडनमध्ये नगावर मिळतात म्हणे. मैत्रिणीला सांगा, भरताला मोठं आणि बिया कमी असलेलं. नाहीतर ती ते मेणबत्तीवर भाजत बसायची.